मेक इन्स्टॉल मारण्याआधी: चालत्या सर्व्हरची जीलिबसी बदलायची म्हणजे काय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. हर्णैजवळच्या एका मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर आहे. डिझेल, बर्फ आणि सभासदांची उधारी असा सगळा हिशेब त्यावर, पोस्टग्रेस १२ या डेटाबेसमध्ये. सभासदांना बिलाचा मेसेज जावा म्हणून एकाकडून छोटा प्रोग्राम करून घेतला. तो नोड १८ वर (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चालतो, आणि सुरू केला की 'जीलिबसी २.२८ सापडली नाही' म्हणून तिथेच मान टाकतो. करून देणारा म्हणतो, लायब्ररी अपग्रेड करा. विचारणाऱ्याने २.२८ चा सोर्स उतरवून कंपाइल करून ठेवलाय आणि विचारतोय, ते मशिनवर बसवणारी मेक इन्स्टॉल ही कमांड मारू का? हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं, ३२ बिटांचं आहे आणि ते लिहिणारा आता फोन उचलत नाही.

नका मारू. टर्मिनल आहे तसं राहू दे, चहा पिऊन या, मग हे वाचा. कंपाइल करून ठेवलंत त्याने काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते पुढच्या एका ओळीने. (कमांडची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना तुम्ही ती रोमनमध्ये करालच.)

जीलिबसी ही लिनक्समधल्या जवळपास प्रत्येक प्रोग्रामच्या तळाची फळी. फाइल उघडणं, मेमरी मागणं, घड्याळ बघणं, युजरचं नाव शोधणं, सगळं तिच्यामार्फत होतं. फाइलींची यादी देणारं एलएस तिच्यावर, कॉपी करणारं सीपी तिच्यावर, कमांड घेणारी बॅश, लांबून लॉगिन देणारं एसएसएच, पॅकेजं बसवणारं यम, पोस्टग्रेस, सगळे तिच्यावर. म्हणजे ती बदलायला जी हत्यारं लागतात तीही तिच्यावरच उभी. तुमच्या बंदरात पाण्यावर असलेल्या बोटीची तळाची फळी कोणी उचकटत नाही. आधी बोट वर ओढतात, शाकारतात, मग तिला हात लावतात. मी मात्र एकदा पाण्यात असतानाच फळी काढली होती.

२०१४ सालची गोष्ट. चिपळूणला एका संस्थेचा सर्व्हर माझ्याकडे होता, सेंटओएस ६, म्हणजे जीलिबसी २.१२. एका प्रोग्रामला २.१४ हवी होती. मी हुशारी केली: नवी लायब्ररी कंपाइल केली, लिब६४ फोल्डरमध्ये जुनीच्या शेजारी ठेवली, आणि ठरवलं की लिबसी डॉट एसओ डॉट ६ ही सिमलिंक (खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नुसतं नाव) जुन्यावरून काढून नव्यावर लावायची. दोन कमांड. पहिली काढणारी, आरएम, दुसरी लावणारी, एलएन. पहिली चालली. दुसरी टाइप केली तर उत्तर आलं की लिबसी डॉट एसओ डॉट ६ उघडता येत नाही, अशी फाइलच नाही. बरोबरच आहे, एलएनलाही चालायला तीच लागते.

मग एलएस केलं, नाही. सीपी, नाही. दुसऱ्या मशिनवरून एसएसएच करून बघितलं, दार बंद. जिवंत होती ती एकटी बॅश, कारण ती आधीच मेमरीत चढलेली होती. तिच्या पोटातल्या कमांड तेवढ्या चालत होत्या. इको आणि तारका असं टाइप केल्यावर फोल्डरमधल्या फाइलींची नावं दिसली आणि एवढं कळलं की जुनी खरी फाइल, लिबसी-२.१२ डॉट एसओ, जागेवर आहे. फक्त तिच्याकडे जाणारी वाट मी मोडलीय. बाहेर श्रावणातला पाऊस होता आणि आत मी घामाने भिजलेलो.

सुटका कशी झाली ते सांगतो, कारण कधी तुमच्यावर वेळ आलीच तर इतकं पाठ असू दे. एलडी प्रीलोड या व्हेरिएबलमध्ये त्या जुन्या खऱ्या फाइलीचा पूर्ण पत्ता दिला आणि त्याच ओळीत पुढे एलएनची कमांड. लोडरला, म्हणजे प्रोग्रामासाठी लायब्ररी मेमरीत चढवणाऱ्याला, ती हातात मिळाली, एलएन चाललं, सिमलिंक परत लागली. नंतर कळलं की याहून सरळ वाट तिथेच होती. रेड हॅट घराण्यातल्या मशिनवर एसबिनमध्ये एसएलएन नावाचा एक इवलासा प्रोग्राम असतो. त्याला येतं एकच काम, सिमलिंक करणं. पण तो स्टॅटिक आहे, म्हणजे कुठल्याच लायब्ररीवर अवलंबून नाही. नेमका अशाच वेळेसाठी तो ठेवलेला. मला त्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून वीस मिनिटं देवाचं नाव घेत गेली. तेव्हापासून मी हात लावतो त्या प्रत्येक मशिनवर स्टॅटिक बिझीबॉक्स (एलएस, सीपी, एलएन सगळं एकाच फाइलीत) आधी ठेवतो, आणि रूटचं एक जादा सेशन उघडं ठेवतो जे काम संपेपर्यंत कोणी बंद करायचं नाही.

हीही युक्ती आता सगळीकडे जशीच्या तशी लागू नाही. जीलिबसी २.३४ पासून ती आकडा लावलेली फाइल आणि तिच्यावरची सिमलिंक हा प्रकारच बंद झाला. लिबसी डॉट एसओ डॉट ६ ही आता खुद्द फाइल असते. तुमच्या सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, तिथे मात्र जुनीच रचना आहे.

तुमच्या मेक इन्स्टॉलने नेमकं असंच झालं असतं असं नाही. कॉन्फिगर करताना प्रीफिक्स, म्हणजे बसवायची जागा, काय दिला होता त्यावर ते आहे. तो यूएसआर असेल तर चालत्या मशिनच्या लायब्ररीवर घाला घातला जाईल. शिवाय पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या आरपीएमला याचा पत्ताच नाही, त्याच्या वहीत अजून २.१७ च लिहिलेली राहणार. मग कधीतरी कोणीतरी यम अपडेट मारतो आणि दोन लायब्ररींची खिचडी होते.

खिचडी करायचे आणखी दोन लोकप्रिय मार्ग आहेत. एक, नवी फाइल जुन्या फाइलीवर सीपी करणं. सीपी नवी फाइल बनवत नाही, जुनीच्याच पोटात नवे बाइट ओततं. चालू प्रोग्रामांनी तीच फाइल मेमरीत मॅप केलेली असते, त्यामुळे एकेक करत सगळे सेगफॉल्ट होऊन कोसळतात. पॅकेज मॅनेजर असं करत नाहीत. ते नवी फाइल शेजारी पूर्ण लिहितात आणि मग एका झटक्यात नाव बदलतात. जुनी फाइल, तिला धरून बसलेला शेवटचा प्रोग्राम संपेपर्यंत, नावाशिवाय डिस्कवर राहते.

दुसरा मार्ग जास्त फसवा, कारण इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा तोच सापडतो: नवी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची तो पत्ता) एक्सपोर्ट करा. करून बघा, पण दुसऱ्याच्या मशिनवर. लायब्ररी आणि तिला मेमरीत चढवणारा लोडर ही जोडी एकाच आवृत्तीची लागते. एक्सपोर्ट केल्यावर लोडर राहतो जुना २.१७ चा आणि लायब्ररी येते २.२८ ची. पुढची प्रत्येक कमांड कोसळते, एलएससुद्धा. ते निदान त्या सेशनपुरतं. एकाने तीच ओळ ईटीसी प्रोफाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक लॉगिनला चालणाऱ्या फाइलीत, लिहिली, लॉगआउट केलं, आणि मला फोन केला. रेस्क्यू मोडमध्ये मशिन उघडून एक ओळ पुसायला मला रत्नागिरीहून जावं लागलं.

आता नियम बघू, म्हणजे पुढचे पर्याय का सुचवतोय ते कळेल. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. फंक्शनची वागणूक बदलायची वेळ आली तर ते लोक जुनं फंक्शन काढत नाहीत, नव्या शिक्क्याचं दुसरं शेजारी बसवतात. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी मशिनवर मेमसीपीवाय हे मेमरीतला मजकूर कॉपी करणारं फंक्शन २.२.५ च्या शिक्क्याचंही आहे आणि २.१४ च्याही. जुना प्रोग्राम जुना शिक्का मागतो, त्याला जुनं मिळतं. नवा नवा मागतो. म्हणून नव्या लायब्ररीवर जुना प्रोग्राम चालतो, जुन्या लायब्ररीवर नवा चालत नाही. तुमच्या नोडला २.२८ चा शिक्का हवा आहे आणि सेंटओएस ७ च्या वहीत शेवटचा शिक्का २.१७.

या मेमसीपीवायची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २०१० मध्ये फेडोरा १४ हे लिनक्स आलं आणि ६४ बिटांच्या मशिनवर फ्लॅश या ब्राउझरच्या प्लगइनमधल्या व्हिडिओंचा आवाज फाटायला लागला. लायब्ररीवाल्यांनी मेमसीपीवाय जास्त वेगवान केलं होतं. चूक खरं तर फ्लॅशची. एकमेकांवर चढलेल्या जागांमध्ये कॉपी करायला ते फंक्शन वापरायचंच नसतं, दस्तऐवजात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण इतकी वर्षं ते नशिबाने चालत होतं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स त्या तक्रारीत वाद घालायला उतरले, की वापरणाऱ्याला चूक कोणाची याच्याशी काय देणंघेणं. शेवटी २.१४ मध्ये नवा शिक्का आला आणि जुन्या प्रोग्रामांना जुनी, चढलेली जागा खपवून घेणारी वागणूक मिळाली. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने असलं काय काय नशिबावर सोडलंय ते तुम्हाला माहीत नाही, आणि तो फोन उचलत नाही. हे लक्षात असू दे.

तर पहिला प्रश्न असा की तुम्हाला जीलिबसी बदलायची आहे, की एक प्रोग्राम चालवायचाय? मला तुमच्या प्रश्नात दुसरंच दिसतं. त्यासाठी तळाला हात लावायची गरज नाही.

मी तुमच्या जागी असतो तर मेसेजचा प्रोग्राम त्या सर्व्हरवर ठेवलाच नसता. ऑफिसात एखादा जुना डेस्कटॉप पडलेला असेल, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाका. त्यात जीलिबसी २.३६ आहे, नोड निमूट चालेल. तिथून नेटवर्कवरून पोस्टग्रेसला फक्त वाचण्यापुरता युजर द्या. मेसेजचं मशिन उद्या मेलं तरी डिझेलचं बिल थांबणार नाही. कामाला एक दुपार लागते.

जागा नसेल, मशिन नसेल, तर नोडचीच २.१७ वर चालणारी बांधणी मिळते. नोडवाल्यांच्याच 'अनऑफिशियल बिल्ड्स' प्रकल्पात जीलिबसी-२१७ अशा नावाने ती ठेवलेली आहे. नावाप्रमाणे हमी कोणी देत नाही, पण मेसेज पाठवण्याइतपत कामाला मी ती वापरलीय. तिसरा पर्याय कंटेनर, म्हणजे प्रोग्राम आपल्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात चालवणं; डॉकर हे त्याचं साधन. डॉकरमध्ये डेबियन ११ ची प्रतिमा घेतलीत तर तिच्यासोबत तिची स्वतःची २.३१ येते आणि खालच्या मशिनच्या २.१७ ला कळतही नाही. मुद्दाम ११ म्हणतोय. २.३४ पासून जीलिबसी थ्रेड सुरू करायला क्लोन३ ही नवी सिस्टिम कॉल वापरते आणि २०.१०.१० च्या आधीचं डॉकर ती चुकीच्या पद्धतीने अडवतं. तुमच्याकडचं डॉकर जुनं असेल तर १२ च्या प्रतिमेत नको ते भलतेच एरर बघत बसाल.

आणि तुम्ही कंपाइल केलेल्या २.२८ चं काय? ती वापरता येते, पण प्रीफिक्स ऑप्टखालचा एखादा फोल्डर देऊन, आणि पॅचएल्फने त्या एकाच प्रोग्रामचा लोडर आणि लायब्ररीचा पत्ता बदलून. मी सुचवत नाही. नोडला नुसती जीलिबसी पुरत नाही, तुमचा एरर नीट वाचलात तर खाली सी प्लस प्लसच्या लायब्ररीचीही तक्रार असेल. शिवाय अशी खासगी जीलिबसी आपलं घर वेगळं मांडते. तिचं ईटीसी वेगळं, लोकेल (भाषेचे आणि अक्षरक्रमाचे नियम) वेगळे, टाइमझोनची फाइल वेगळी. एका ठिकाणी मी हे केलं आणि पावत्यांवरची वेळ साडेपाच तास मागे छापली जायला लागली, कारण त्या लायब्ररीला तिच्या फोल्डरात लोकलटाइम सापडलं नाही आणि तिने यूटीसी धरलं. सकाळी साडेनऊच्या बिलावर पहाटेचे चार. गिऱ्हाइकांनी आधी ओळखलं, मी नंतर.

इतकं झालं म्हणजे तुमचा मेसेज जाईल. पण सेंटओएस ७ चा प्रश्न उरतोच. ३० जून २०२४ ला त्याचा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. जीलिबसीत भोकं सापडत असतात. जानेवारी २०१५ मध्ये 'घोस्ट' सापडलं, गेटहोस्टबायनेम या फंक्शनमधलं. ते मूळ लायब्ररीत २०१३ मध्येच बुजवलेलं होतं, पण ही सुरक्षेची बाब आहे हे कोणाच्या लक्षात न आल्याने जुन्या आवृत्तीवरच्या वितरणांत (सेंटओएस, डेबियन अशा तयार लिनक्समध्ये) ते तसंच राहिलं. नंतर रेड हॅट, डेबियन वगैरेंनी आपापल्या जुन्या आवृत्तीतच ठिगळ लावून दिलं. वितरणं नेहमी असंच करतात: २.१७ हा आकडा तोच ठेवून मागचा छोटा आकडा वाढवतात. असलं अपडेट यमने डोळे मिटून घ्यावं. ते सुरक्षित असतं कारण लोडर, लायब्ररी, लोकेल, एनएसएसचे (युजर ओळखणारे) मोड्यूल सगळं एका जोडीने येतं. पण सेंटओएसकडून ते आता येत नाही. म्हणजे जीलिबसी बदलायचीच आहे, फक्त एकटीला नाही. अख्खं घर बदलायचं.

घर कुठलं? सेंटओएसच्याच घराण्यातल्या अल्मालिनक्स ८ मध्ये नेमकी २.२८ आहे, ९ मध्ये २.३४. शक्य असेल तर ९. पण आधी सर्व्हरचा प्रोसेसर बघा. रेड हॅट ९ आणि तिच्या भावंडांना एक्स८६-६४-व्ही२ दर्जाचा प्रोसेसर लागतो. फार जुनं मशिन असेल तर सुरूच होत नाही, जीलिबसीच सांगते की हा प्रोसेसर चालणार नाही. तसं असेल तर ८. रेड हॅटने १० मध्ये ३२ बिटांची पॅकेजं काढून टाकलीत, त्यामुळे तुमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी ती वाट बंद धरा. आणि मेसेजवाल्याला एक सांगा, नोड १८ चाही आधार एप्रिल २०२५ मध्ये संपलाय. त्याने प्रोग्राम पुढच्या नोडवर न्यावा. तुम्हाला लायब्ररी बदलायला सांगणं सोपं होतं त्याला.

आहे त्याच मशिनवर ७ चं ८ करायची साधनं आहेत, लीप नावाचं, आणि अल्मावाल्यांचं एलिव्हेट. मी ती तुमच्यासारख्या एकच सर्व्हर असलेल्या ठिकाणी वापरत नाही. नवी डिस्क घ्यायची, त्यावर नवं इन्स्टॉल, जुनी डिस्क कपाटात. मागे फिरायला याहून भरवशाची वाट नाही.

जुना प्रोग्राम नव्या घरात काय काय मागेल ते आधीच काढून ठेवा. त्याच्या फाइलीवर रीडएल्फ चालवलंत की कुठल्या लायब्ररी लागतात ते दिसतं. (एलडीडी नेहमीच्या वापराला ठीक, पण अनोळखी फाइलीवर चालवू नका, तो ती फाइल चालवूही शकतो.) ३२ बिटांचा आहे म्हणजे जीलिबसीचं आय६८६ पॅकेज लागेल. लिबएनएसएल पूर्वी जीलिबसीसोबत आपोआप यायची, ८ पासून ती वेगळी टाकावी लागते. लिबक्रिप्टची जुनी आवृत्ती ९ मध्ये कम्पॅट नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलीय. या गोष्टी मोडल्या तर प्रोग्राम ओरडून सांगतो, अमुक फाइल सापडली नाही. ओरडणारी चूक बरी, दहा मिनिटांत मिटते.

मला भीती असते ती न ओरडणाऱ्या चुकीची, आणि ती तुमच्या डेटाबेसमध्ये बसलेली आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने अक्षरांचा क्रम लावण्याची कोष्टकं बदलली. त्याआधी आडवी रेघ, स्वल्पविराम असली चिन्हं क्रम लावताना पहिल्या फेरीत मोजलीच जात नव्हती. आता जातात. स्वतः बघा: एका फाइलीत दोन ओळी लिहा, एकीत १-१ आणि दुसरीत ११, रोमन आकड्यांत. अमेरिकन इंग्रजीच्या यूटीएफ-८ लोकेलमध्ये सॉर्ट चालवा. तुमच्या सेंटओएस ७ वर ११ आधी येईल. अल्मा ८ वर १-१ आधी येईल. एवढाच फरक.

आता पोस्टग्रेसचा इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली वही. मजकुराच्या रकान्यांचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, जीलिबसीला विचारतो. जुन्या नियमाने लावलेली वही नव्या नियमाने चाळायला घेतली तर काय होतं? तुमच्या बोटींचे नोंदणी क्रमांक आठवा, आयएनडी-एमएच करत आडव्या रेघांनी भरलेले. क्लार्क क्रमांक टाकतो. पोस्टग्रेस वहीच्या मध्यावर येतो, नव्या नियमाने म्हणतो 'डावीकडे', बोट असते उजवीकडे. उत्तर येतं: अशी बोट नाही. एरर नाही, लाल अक्षर नाही. क्लार्क बिचारा ती बोट नव्याने नोंदवतो. एकच क्रमांक दोनदा पडू नये म्हणून लावलेला नियमही त्याच वहीत बघतो, त्यालाही जुनी नोंद सापडत नाही, तो परवानगी देतो. आता एका बोटीची दोन खाती. डिझेल एकावर चढतं, भरणा दुसऱ्यावर.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. मालवणकडच्या एका दुकानाचं मशिन मी २०२० मध्ये डेबियन ९ वरून १० वर नेलं. सगळं नीट झालं, चहा पिऊन निघालो. मालाच्या कोडमध्ये आडव्या रेघा होत्या. तीन आठवड्यांनी मालकाचा फोन, 'काही माल दोन-दोनदा दिसतोय आणि काही असून नाही म्हणतंय'. चूक माझीच होती, आणि निस्तरायला अपग्रेडच्या चौपट वेळ गेला, कारण तीन आठवड्यांच्या दुहेरी नोंदी हाताने जुळवाव्या लागल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून, बिलं एका हाताने धरून.

उपाय सोपा आहे, फक्त तो आधी माहीत हवा. डेटा फोल्डर जसाच्या तसा उचलून नव्या मशिनवर ठेवू नका. डंप, म्हणजे डेटाबेसची लिहून काढलेली प्रत, काढा आणि नव्या पोस्टग्रेसमध्ये भरा. डंपमध्ये इंडेक्स नसतात, इंडेक्स बनवण्याची आज्ञा असते, त्यामुळे वही नव्या नियमाने नव्याने लागते. तसंही पोस्टग्रेस १२ चा आधार संपलाय, वरची आवृत्ती घ्यालच. डंप नव्या आवृत्तीच्या पीजी डंपने काढा, जुन्याच्या नको. कुठल्याही कारणाने फोल्डरच उचलावा लागला, तर क्लार्कला बसू देण्याआधी रीइंडेक्स, म्हणजे वही नव्याने लावणं. त्यात 'दुहेरी नोंद' म्हणून अडलं तर समजा कोणीतरी आधीच बसला होता. डेटाबेसचा कोलेशन, म्हणजे क्रम लावण्याचा नियम, 'सी' असेल तर या भानगडीतून तुम्ही सुटलात. आकडे आणि तारखांच्या इंडेक्सला तर धक्काच लागत नाही. पोस्टग्रेस १५ पासून डेटाबेसवर कोलेशनची आवृत्ती लिहिलेली असते आणि ती बदलली की सूचना येते. १२ गप्प बसतं.

आता मुहूर्त. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, डिझेलचं बिल नाही. सोसायटीला याहून मोकळा काळ नाही. पण तोच काळ आपल्याकडे लाइटचा भरवसा नसण्याचा. अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट गेली की काय होतं ते बघण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी. यूपीएस किती वेळ तग धरतो ते आधी प्लग काढून मोजा, डब्यावर लिहिलेलं मानू नका. लांबून करणार असाल तर टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच करा, लाइन तुटली तरी काम चालू राहतं. मी तर म्हणेन लांबून करूच नका, मशिनपुढे बसा.

आधी रंगीत तालीम. रविवारी डंप घ्या, तो जुन्या डेस्कटॉपवर टाकलेल्या अल्मामध्ये भरा, हिशेबाचं सॉफ्टवेअर तिथे चालवा आणि क्लार्कला बसवा. तुम्ही नव्हे, क्लार्कने बसायचं. त्याला म्हणावं, मागच्या महिन्यातली वीस बिलं शोध, पाच बोटी क्रमांकाने काढ, एक बिल छाप. छपाई विसरू नका. माझा अनुभव असा की लायब्ररी, डेटाबेस सगळं जुळतं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन काढतो. प्रत्येक टेबलातल्या नोंदींची संख्या जुन्या-नव्यात ताडून बघा, आणि सभासदांच्या बाकीची एकूण बेरीज. बेरीज पैशापर्यंत जुळली पाहिजे.

खरं अपग्रेड झालं की मशिन रीबूट करा. हे पुढच्या साध्या अपडेटनाही लागू. जीलिबसी डिस्कवर बदलली तरी चालू असलेले प्रोग्राम मेमरीतली जुनीच धरून असतात. कोणी कुठली फाइल धरलीय ते दाखवणाऱ्या एलएसओएफमध्ये अशा फाइलींपुढे 'डीईएल' दिसतं, नीड्स-रीस्टार्टिंग नावाची कमांडही यादी देते. यादी बघून एकेक सर्व्हिस उठवणारे लोक आहेत, मी त्यातला नाही. जुनी लायब्ररी धरलेला प्रोग्राम मध्येच नवा एनएसएस मोड्यूल उचलायला जातो आणि युजर ओळखता येईनासे होतात, लॉगिन अडतं. रीबूट दहा मिनिटांचं काम आहे, आणि मशिन परत वर येतं की नाही हेही त्याच दिवशी कळतं. ते तुम्ही समोर असताना कळलेलं चांगलं, १ ऑगस्टच्या पहाटे बोटी डिझेलसाठी रांगेत असताना नाही.

जुनी डिस्क काढलीत की तिच्यावर तारीख लिहा, प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. खाऱ्या हवेत उघड्या डिस्कच्या कनेक्टरला हिरवट गंज चढायला एक पावसाळा पुरतो. नवा हंगाम सुरू होऊन पहिल्या महिन्याची बिलं आणि भरणा जुळेपर्यंत ती पुसायची नाही आणि दुसऱ्या कामाला द्यायची नाही. चेअरमन मागतील, तरी.